तिसऱ्या दाराची हमी

घरातली यंत्रं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. वायरी जोडायची चार दारं असलेल्या राऊटरनं नियम केला की ओळखीच्या बिल्ल्याशिवाय कुणाचा निरोप आत घ्यायचा नाही. म्हाताऱ्या प्रिंटरला बिल्ला लावताच येईना, आणि इकडे घरातल्या मुलीचं परीक्षेचं प्रवेशपत्र छापायचं अडकलं.

"माझा बिल्ला लाव," घरावर नजर ठेवणारा कॅमेरा म्हणाला.

"दुसऱ्याच्या नावानं मी आत शिरणार नाही," प्रिंटर म्हणाला.

तेव्हा प्रिंटरची वायर जोडलेलं तिसरं दार राऊटरला म्हणालं, "माझ्यातून फक्त हाच येतो. त्याच्या निरोपाला बिल्ला मी लावीन, त्याला येणाऱ्या उत्तरावरचा मीच काढीन."

"उद्या दुसरं कुणी घुसलं तर?"

"ते माझ्यावर."

प्रवेशपत्र छापून निघालं.

महिन्याभरानं कुणीतरी प्रिंटरची वायर काढून तिथं कॅमेऱ्याची खुपसली. राऊटरच्या लक्षात येण्याआधीच तिसऱ्या दारानं स्वतःला बंद करून घेतलं होतं.