खरवडलेला ठिपका

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी, संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी, नव्या सुनेने उंबरठ्यावरचे तांदळाचे माप ओलांडले. माप लवंडले, आणि त्याच क्षणी आत बसलेल्या व्यापाऱ्याचे अर्धे अंग लुळे पडले. "पांढऱ्या पायाची आली गं बाई!" म्हणून व्यापाऱ्याच्या बहिणीने, आत्याबाईंनी, जे तोंड सोडले ते बंदच होईना. आठवडा उलटायच्या आत सुनेला, शालनला, माहेरी धाडले. नवरा दारातच उभा होता, पण एक शब्द बोलला नाही.

हा नवरा एका वृद्ध गुरुजींचा शिष्य. गुरुजींचा जन्म दुर्बिणीतून आभाळ पाहण्यात गेलेला. पुढे कधीतरी मन खाऊ लागले, तेव्हा तो त्यांच्याकडे गेला. सगळे ऐकून गुरुजींनी भिंतीवरचा एक फोटो उतरवला.

"ही दीर्घिका. ताऱ्यांचं गाव समज. आणि तिच्या कडेला चिकटलेला हा ठिपका कोण?"

"तिच्यातूनच उडालेली ठिणगी दिसते."

गुरुजींनी नखाने तो ठिपका खरवडून टाकला. "झालं! आता गावाला सुख लागेल."

"अहो गुरुजी, हे काय केलंत? इतकी वर्षं जपलेला फोटो!"

"मध्ये कडमडला होता ना? मग दोष त्याचाच."

शिष्याची मान खाली गेली. तेव्हा गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "बाळ, त्या ठिपक्याला क्वेसार म्हणतात, फार लांबचा लखलखता दिवा समज. तो या दीर्घिकेच्या अब्जावधी प्रकाशवर्षं पलीकडे आहे. दोघांची कधी भेटसुद्धा नाही. आपण उभे आहोत तिथून ते एका रेषेत दिसतात, एवढंच. ती रेषा आपल्या डोळ्यात असते. शहाणीसुरती माणसंही तिला फसतात. म्हणून आधी अंतर मोजावं, मग बोलावं."

शिष्य त्याच दिवशी शालनच्या माहेरी गेला. तिने पाणी दिले. त्याने दीर्घिकेचे, ठिपक्याचे, सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"आभाळातलं राहू द्या. मामंजींना डॉक्टर रक्तदाबासाठी वर्षभर मीठ सोडा म्हणत होते, हे तुम्हाला त्या दिवशीही ठाऊक होतं ना?"

त्याने हातातले पाणी तसेच खाली ठेवले.

"मग पाणी प्या आणि निघा," ती म्हणाली.

बायांनो, येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी सून यायची आहे, त्यांच्या कानावर हे आधीच घाला. मागाहून सांगून काही उपयोग होत नाही.