घाटावरची घंटा

पूर्वी वेत्रपुरात सिंधुक राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाचा जन्म एका ओताऱ्याच्या घरी झाला. त्याचे नाव सोमिल. कासे वितळवून घंटा ओतण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वेत्रपुराच्या खाली नदीत मोठे खडक होते. हिवाळ्यात धुके इतके दाट पडे की नावाड्याला स्वतःचे वल्हे दिसत नसे. अशा वेळी घाटावर सोमिलाची घंटा वाजे आणि तिच्या आवाजामागे नावा किनाऱ्याला लागत. लोक तिला सोमिलाची घंटा म्हणत, आणि खरे सांगायचे तर सोमिलाला ते ऐकायला आवडे.

तिथल्या ओताऱ्यांत एक रीत होती. गुरूचे हात थकले की शिष्यांनी त्याच्या सर्वांत उत्तम कामावर त्याचे नाव कोरायचे. सोमिल म्हातारा झाला तेव्हा त्याचा पट्टशिष्य मेधंकर छिन्नी घेऊन घाटावर गेला. गुरूचे नाव सात पिढ्या टिकावे म्हणून त्याने घंटेच्या काठावर चांगली खोल अक्षरे कोरली. भक्तीच्या भरात घाव जरा जोरातच पडले. लोकांनी फुले वाहिली, सोमिलाचे डोळे भरून आले.

हिवाळा लागला. एका सकाळी उत्पला नावाची नावाडीण सोमिलाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"ओतारीबाबा, तुमची घंटा आता ऐकू येत नाही," ती म्हणाली. "काल शेजाऱ्याची नाव घाट चुकून खडकावर गेली. माणसं पोहून वाचली. माझा भाऊ भद्रक वरच्या गावाहून इकडे निघायचाय. त्याला पोहता येत नाही."

तिथेच बसलेला मेधंकर संतापला. "कुणाच्या घंटेला नावं ठेवतेस, कळतं का? काठावर काय कोरलंय ते बघ जाऊन."

"मला वाचता येत नाही, दादा. ऐकता येतं. नाव मोठं, लक्षण खोटं, असं झालंय तिचं."

सोमिल उठून घाटावर गेला; मेधंकर आणि उत्पला मागोमाग गेले. त्याने आतल्या लोळ्याची दोरी ओढली. घंटा फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली. त्याने काठावरून बोट फिरवले. नावाच्या शेवटच्या अक्षरापासून केसासारखी बारीक चीर वर चढत गेली होती. मेधंकराने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"नवी ओतायला हवी," सोमिल म्हणाला.

"पण कास्यात मिसळायचं कथील घेऊन येणारे तांडे हिवाळा सरल्यावर येतील," मेधंकर म्हणाला. " गावात कासं कुठं आहे?"

"हे काय, समोर टांगलंय."

मेधंकराने त्याचे पाय धरले. "गुरुजी, ही मोडली तर तुमचं काय उरलं? आणि आम्ही तरी कोण? सोमिलाचे शिष्य म्हणूनच लोक आम्हाला ओळखतात."

सोमिल घाटाच्या पायरीवर बसला. ती घंटा म्हणजेच मी, असे तो इतकी वर्षे समजत आला होता. त्याचे मन म्हणाले, थोडे थांब, तांडे लवकरही येतील. तेवढ्यात त्याची नजर उत्पलेकडे गेली. ती नदीकडे कान लावून उभी होती.

"मेधंकरा," तो म्हणाला, "साचा करताना आपण मेणाला जीव लावून आकार देतो. मग ते मेण वितळून वाहून जातं, तेव्हा कुठं कास्याला जागा होते. मेण अडून बसलं असतं तर आपण एक तरी घंटा ओतली असती का? ऊठ, भट्टी पेटव."

त्याने स्वतःच्या हाताने पहिला घाव घातला. तुकडे मुशीत पडले. नावाचा तुकडा वितळताना मेधंकर रडत होता; सोमिल भाता ओढत होता. नवी घंटा टांगली तेव्हा तिच्यावर कुठलेच अक्षर नव्हते.

पुढे एका पहाटे दाट धुके उतरले. सोमिल घंटा वाजवत बसला, मेधंकर त्याच्याजवळ होता. बऱ्याच वेळाने वल्ह्यांचा आवाज आला आणि धुक्यातून एक नाव पायरीला लागली. घाटावर वाट पाहत उभी असलेली उत्पला पाण्यातच उतरली. नावेतल्या भद्रकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग तो म्हाताऱ्याकडे वळला. दूर राहणारा नावाडी तो. सोमिलाला त्याने कधी पाहिले नव्हते.

"बाबा, जगलो या घंटेच्या आवाजानं," तो म्हणाला. "इथं पूर्वी कोण्या सोमिलाची घंटा होती म्हणे. फार नावाजलेला. ती फुटकी निघाली, असं वाटेत ऐकलं. ही कुणाची?"

मेधंकराने तोंड उघडले. सोमिलाने त्याच्या हातावर हात ठेवला. उत्पलेने ते पाहिले आणि ती नावेचा दोर बांधू लागली.

"ही घाटाची," सोमिल म्हणाला. "मी फक्त वाजवतो. तू हिच्याबरोबर घरी जा, भिजलायस. मागे आणखी नावा असतील."

आणि त्याने पुन्हा दोरी ओढली. नाव असलेल्या घंटेने जे सुख त्याला कधी दिले नव्हते ते त्या पहाटे मिळाले, आणि ते कुणाला सांगावे असेही त्याला वाटले नाही.

त्या जन्मीचा भद्रक आज आपल्या भिक्षुसंघात आहे. वाट विचारायला तो अजून लाजत नाही. उत्पला म्हणजे तोंडावर खरे बोलणारी आपली वृद्ध भिक्षुणी. मेधंकर म्हणजे मुंडन झाले तरी ज्याला आपले थोर कुळ विसरवत नाही, आणि जो या घटकेला खाली मान घालून बसला आहे, तो भिक्षू. त्याच्यावर कोणी हसू नये, त्याची भक्ती खरी होती. आणि सोमिल ओतारी म्हणजे ही कथा सांगणारे, पुढे बुद्ध झालेले आपले शास्ते. घर सोडणाऱ्याबरोबर घराचे नाव गुपचूप चालत येते. तेही ज्याने हसत खाली ठेवले, त्याच्या त्यागाच्या पूर्णतेला, त्या पारमितेला, नैष्क्रम्य म्हणतात.