केरोबाच्या कपाळावरची आठी

नाटकाचं भारी वेड असलेल्या एका गावात केरोबा नावाचा नट राहायचा. जन्मभर त्याने दुष्ट राजांचीच कामं केली. तो रंगमंचावर गरजला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची.

केरोबा वारला, तेव्हा गावाने त्याचं चित्र नाटकगृहाच्या दारात लावलं. ते हणमंत चिताऱ्याने तीन वर्षांपूर्वी रंगवलं होतं. चित्रात केरोबा साध्या सदऱ्यात बसला होता. पण कपाळावर खोल आठी, डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले.

लोक चित्रापुढे थांबून अर्थ लावू लागले.

"डोळ्यांत कपट आहे," गुरुजी म्हणाले.

"छे, घमेंड आहे ती," सोनार म्हणाला.

पाटील म्हणाले, "सोंग उतरलं तरी आतला माणूस तोच. दारात असला चेहरा नको. उद्या काढून टाकू."

केरोबाची लेक गोदा मागेच उभी होती. बाबा कमी बोलायचे, हे खरं. मग आपल्यालाच ते कळले नाहीत की काय? ती तडक हणमंताच्या घरी गेली.

"काका, चित्र काढताना बाबा तुमच्यावर रागावले होते का?"

हणमंत उठून म्हणाला, "चल. सगळ्यांपुढेच सांगतो."

नाटकगृहापाशी येऊन तो म्हणाला, "पाटील, माझी नजर तेव्हाच अधू झाली होती. सावलीतला चेहरा मला दिसेना. हे बाहेर कळलं असतं, तर मला काम कुणी दिलं असतं? केरोबाच्या मात्र ध्यानात आलं. तो काही बोलला नाही. पाट उचलून अंगणात गेला आणि भर उन्हात, सूर्याकडे तोंड करून बसला. सलग पाच दिवस! डोळे मिटायला लागले, की ओठ दाबून पापण्या उघड्या ठेवायचा. ती आठी रागाची नाही. उन्हाची आहे."

पाटलांनी चित्रापुढे हात जोडले. चित्र जागेवरच राहिलं.

हणमंताकडे पुढे कुणी चेहरा रंगवून घ्यायला आलं नाही. पण त्या संध्याकाळी, लोक पांगल्यावर, त्याने हळूच विचारलं, "गोदे, खरं सांग. साधलाय का गं चेहरा? मला धड दिसलाच नव्हता."

गोदाने त्याचा हात हातात घेतला.

"बाबाच आहेत, काका."

तात्पर्य एवढंच: कुणाच्या कपाळावर आठी दिसली, तर तो कुणासाठी काय सोसतोय, हे आधी विचारावं.