खणखणीत रांजण

लई जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरसुद्धा टेकडीएवढेच होते.

एका गावातला ओढा दर उन्हाळ्यात आटायचा. म्हणून गाव मोठा थोरला रांजण आणायचं. हत्ती आत पडला तर सोंड तेवढी वर दिसावी, एवढा. तो जमिनीत पुरायचा, ओढा वाहतोय तोवर भरायचा आणि मातीने तोंड लिंपून टाकायचं.

पुरायच्या आधी एक रीत होती. सगळ्यांनी रांगेने टिचकी मारायची आणि आवाज सांगायचा. धड रांजण खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द. एकानेही 'बद्द' म्हटलं, की रांजण माघारी कुंभाराकडे.

त्या वर्षी रांगेत शेवटी होती ठकूबाई. सकाळपासून घरचं पाणी भरून तिची कंबर पार कामातून गेलेली.

पाटलांनी टिचकी मारली. "खणखणीत!"

मागचा म्हणाला, "खणखणीत!"

त्याच्या मागचा तर टिचकी मारायच्या आधीच म्हणाला.

ठकूबाईची पाळी आली. तिने टिचकी मारली.

बद्द.

तिने परत मारली. बद्दच की! म्हैस चिखलात बसल्यासारखं.

"ठकूबाई, रांजण वाजवतेस का तबला?" धोंडाक्का ओरडली. "उन्हात डोकं तापलं आमचं!"

ठकूबाईने रांगेकडे पाहिलं. एवढी माणसं बहिरी, अन् माझेच कान सोन्याचे? आता बद्द म्हणावं, तर पुन्हा गाडी जुंपा, पुन्हा कुंभार, पुन्हा ही रांग. नको गं बाई.

"खणखणीत," ती म्हणाली आणि सावलीत जाऊन बसली.

रांजण पुरला. गावाने मर मर मरून भरला. ओढा आटल्यावर पाटलांनी लिंपण फोडलं, तर आत एक बेडूक. तोही कोरडा. तळाच्या तड्यातून सगळं पाणी जमिनीने पिऊन टाकलं होतं.

मग काय! डोंगर चढा, डोंगर उतरा, पलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणा. रोज.

एके दिवशी चढावर ठकूबाईच्या तोंडून निघून गेलं, "मला तेव्हा बद्दच वाजलं होतं."

"मलाही," धोंडाक्का म्हणाली.

"मलाही." "मलाही." अख्खी रांग म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?" पाटील खेकसले.

"तुम्ही खणखणीत म्हणालात ना!"

पाटलांनी मान खाली घातली. "मला कुठं धड ऐकू येतंय? म्हटलं, चुकलो तर मागचे सांगतील."

कुणी हसलं नाही. हसायला दम लागतो, अन् तो डोंगराने खाल्ला होता.

जरा पुढे गेल्यावर पाटलांनी विचारलं, "दमलं का कुणी?"

"नाही," मागचा म्हणाला. "नाही." "नाही." रांग पुन्हा सुरू झाली.

ठकूबाईने घागर खाली ठेवली आणि वाटेतच बसकण मारली. "मी दमले."

धोंडाक्का लगेच बसली. मग तिच्या पुढची. मग सगळं गाव. शेवटी पाटीलही पाय चोळत बसले.

म्हणून लहानांनो, मोठ्यांनो, आपल्या कानाला बद्द वाजलं तर तोंडाने बद्दच म्हणावं, पुढे सारं गाव खणखणीत का म्हणेना.