सात पाण्यांची बाटली

“मग बाटलीत साबण ठेवला कुणी, मावशी?”

वरदने चौथ्यांदा विचारलं. मी चौथ्यांदा सांगितलं, साबण लावलेल्या प्रत्येक बाटलीला सात पाणी घालते. अकरा वर्षं घालतेय. कुणाचा म्हणून विश्वास बसला नाही. मावशींना कामावरून काढा, असा अर्जच त्याने लिहून आणला होता. सरांची सही तेवढी बाकी.

उदगीरकर सर म्हातारे. प्रयोगशाळेत शब्द त्यांचाच शेवटचा. वरद त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. परदेशातून बक्षीस आणल्यापासून नुसता चमकत फिरायचा.

“काय बिघडलं?” सरांनी विचारलं.

“फुगे फुटले, सर.”

फुगे चरबीचे. डोळ्याला दिसत नाहीत. सालीला दोन पदर. त्या पदरांच्या मध्ये बारीक कण भरायचे अन् प्रकाश टाकायचा. मग कण एकमेकांना धरून साखळी करतात, साल चिवट होते. फुग्याच्या पोटात रंग कोंडलेला. कोंडलेला आहे तोवर पाणी मंद. साल फाटली की दिव्याखाली पाणी हिरवं चमकतं.

चमकलं म्हणजे फुटलं.

“साखळी व्हायच्या आधीच चमकलं,” वरद म्हणाला. “साबणाने साल फाटते. फुगे मावशींनी धुतलेल्या बाटलीत बनवले होते.”

“आणि दिव्याखाली ठेवले कशात?” सरांनी विचारलं.

“माझ्या बाटलीत. ती मी कुणाच्या हाती देत नाही. स्वतः धुतो.”

“किती पाणी घालतोस रे बाळा?” मी विचारलं.

“मावशी, तुम्हाला यातलं कळायचं नाही.”

“तेलकट भांडं मला कळत नाही? मग घरी आईला कळतं की तुला?”

सर हसले नाहीत. उठले. माझी एक कोरडी बाटली घेतली, एक वरदची. ताजे फुगे दोन्हींत निम्मे निम्मे ओतले. दिवा लावला.

…

माझी बाटली गप्प.

त्याची चमकली. सरांच्या चष्म्याच्या काचासुद्धा हिरव्या झाल्या.

“दोनदा विसळली होती, सर…”

सरांनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

“मावशींचं नाव खोडू?”

“खोड. दुसरं घाल.”

“कुणाचं, सर?”

“चमकला त्याचं. वरद केळुसकर.”