दमलीस का, रुकय्याखाला

फार वर्षांपूर्वी, तांबडखाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर भरतीची वाट बघत काठावर बसून राहावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा आमच्या गावात रुकय्या नावाची बाई राहायची. सगळ्या तिला खाला म्हणायच्या, म्हणजे मावशी. गावातली बाईमाणूस गेली की तिला शेवटची आंघोळ रुकय्या घालायची. गुस्ल म्हणतात त्याला. बाईला ती बाईनंच घालायची, चादरींच्या आडोशाला, आणि तेव्हाही अंगावर कापड ठेवून, कापडाखालून हात फिरवून. मेलेल्या माणसाचीही लाज राखायची असते. भिऊ नका. मीही भ्यायचे, अजूनही चादर वाऱ्यानं हलली तरी दचकते. पण या गोष्टीत भिण्यासारखं काही नाही. दमण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

कारण रुकय्या कायम दमलेली असायची. दिवसभर नारळाचा काथ्या कुटायचा, आणि मधेच कुणाचं तरी दार वाजायचं. ती मोगरी खाली ठेवायची, कंबर धरून उठायची, बोरीची पानं घालून पाणी उकळायला सांगायची आणि निघायची. आंघोळीच्या तख्त्यापाशी पोचली की ती एक क्षण थांबायची. आत पाणी ओतणारीला तिचे ओठ हलताना दिसायचे. ती नियत करायची. हे काम मी अल्लाहसाठी करते, कुणी चांगलं म्हणावं म्हणून नाही, एवढंच. नियत झाल्याशिवाय तिनं कधी कुणाला हात लावला नाही. आणि असं म्हणतात, की तिची नियत झाली की आखडलेलं अंग तिच्या हाताखाली सैल पडायचं, झोपलेल्या लेकराचं पडतं तसं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. आंघोळ घालणारीनं जे पाहिलं ते झाकायचं, हा आमच्यात नियम आहे. चांगलं दिसलं तर सांगावं, वाईट दिसलं तर मातीबरोबर जाऊ द्यावं. नियम सगळ्यांना पाठ होता, पण रुकय्याशिवाय पाळत कुणी नव्हतं. रुकय्या चादरीबाहेर आली की बायका तिला घेरायच्या. मुकादमांची जैतून सगळ्यात पुढे.

"खाला, एवढंच सांग. तोंडावर नूर होता का गं, तेज?"

"अंग स्वच्छ होतं, पाणी स्वच्छ गेलं," रुकय्या म्हणायची. दर वेळी तेच.

"प्रत्येकीचं स्वच्छच कसं असतं गं?"

"मी धुते म्हणून."

बायका हसायच्या, जैतून फुगून बसायची, आणि रुकय्या घरी जाऊन पुन्हा मोगरी उचलायची. ती दमली असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही. विहिरीला कुणी विचारतं का, दमलीस का म्हणून?

रुकय्याला एकच लेक होती, सफूरा. तिचं लग्न ठरलं होतं गावातच, दोन गल्ल्या टाकून. रुकय्याला वाटलं, चला, म्हातारपणी लेक हाकेच्या अंतरावर राहील. पण नाखव्यांच्या हवाबीला तो मुलगा आपल्या भाचीसाठी हवा होता. एकदा पाणवठ्यावर बायकांच्या घोळक्यात हवाबी म्हणाली, "सफूरा ना? तिला मी तिन्हीसांजेला बंदरावर पाहिलीय. कुणाबरोबर ते मात्र विचारू नका, बाई. मी कुणाची लाज काढणारी नाही."

एवढंच. सांगून टाकलं असतं तर कुणी खोडून तरी काढलं असतं. न सांगितलेलं कोण खोडणार? लग्न मोडलं. सफूराला घाटावर दूर एका बिजवराला दिली, आणि ती पुन्हा माहेरी आली नाही. येऊन कुणाकुणाच्या नजरा झेलणार? जी बाई मेलेल्यांची लाज राखत गावभर फिरायची, तिच्या जिवंत लेकीची लाज गावानं अशी वाऱ्यावर सोडली. रुकय्या कुणाशी भांडली नाही. तिला भांडायला ताकदच उरली नव्हती.

मग एके दिवशी सकाळी हवाबी गेली.

तिची लेक शहरबानू रुकय्याच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत यायला तोंड नव्हतं तिला.

"खाला, पलीकडच्या गावच्या गुस्ल घालणाऱ्या बाईला आणायला माणूस पाठवला होता. पण ओहोटी आहे. होडी चिखलात रुतलीय. दिवस कलायच्या आत, असरच्या नमाजाआधी अम्मीला न्यायचंय."

रुकय्या काथ्या कुटत राहिली. मोगरीचा आवाज होत राहिला, आणि शहरबानू उन्हात उभी राहिली. मग आवाज थांबला.

"बोरीची पानं आहेत का घरात?" रुकय्यानं विचारलं.

त्या दिवशी नाखव्यांच्या अंगणात कधी नव्हे एवढ्या बायका जमल्या. रडायला थोड्या, ऐकायला जास्त. आज रुकय्या बोलणार. इतक्या जणींचं झाकलं, पण हवाबीचं कशाला झाकेल? जैतून तर चादरीला चिकटूनच बसली होती. आतून रुकय्याचा आवाज आला, "सरका गं मागे. जनाजा आहे, मासळीबाजार नाही."

चादरीआड दोघीच होत्या. रुकय्या आणि पाणी ओतायला शहरबानू, मान खाली घालून, हातात तांब्याचा बधना. बधना म्हणजे आपला वजूचा, नमाजाआधी हातपाय धुवायचा, तोटीचा तांब्या. रुकय्यानं नेहमीप्रमाणे ओठ हलवले, नियत केली आणि म्हणाली, "ओत."

शहरबानूनं बधना तिरपा केला. पाणी आलं नाही.

तिला वाटलं, तोटीत पान अडकलं. तिनं बाजूला जमिनीवर ओतून पाहिलं, तर धो धो पाणी. पुन्हा अम्मीच्या अंगावर धरला, तर थेंब नाही. भरलेला, जड, वाफाळलेला बधना, आणि तोटी कोरडी! असं म्हणतात, की बाहेर उकळत असलेलं हंड्यातलं पाणीही त्या वेळी निपचित झालं, खाली जाळ असताना.

रुकय्या तख्त्याशेजारी खाली बसली. बसलीच. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. मशिदीपाशी पुरुष खोळंबले होते. हवाबी तशीच पडून होती, आणि तिला मातीपर्यंत पोचवणारं दुसरं कुणी नव्हतं.

"मी नियत खोटी केली," रुकय्या म्हणाली. "तोंडानं केली. आत काहीच नव्हतं. आत नुसता राग होता."

मग ती हवाबीशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी.

"हवा, मी तुला माफ केलेलं नाही. केलं म्हणाले तर ते तुलाही कळेल आणि वर अल्लाहलाही कळेल. मी दमलेय गं. माफ करायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते आज नाही. बळ आलं तर करीन. आज माझी नियत एवढीच आहे. तू माझ्या लेकीला उघडं पाडलंस, तसं मी तुला पाडणार नाही. त्याच्यासाठी पाडणार नाही. एवढीच नियत धरून तुला आंघोळ घालते. चालत असेल तर चालू दे."

आपल्या आईनं काय केलं होतं ते शहरबानूला माहीत होतं. तिनं डोळे मिटून बधना कलता केला, आणि पाणी आलं. कोमट, बोरीच्या पानांच्या वासाचं, अखंड. असं म्हणतात, की तो बधना मग एकदाही भरावा लागला नाही.

रुकय्यानं आधी उजवी बाजू धुतली, मग डावी. कापडाखालून हात फिरवताना तिचा हात एका जागी थांबला. तिथं काहीतरी होतं. शहरबानूनं पुढे आयुष्यभर एवढंच सांगितलं, की खालाचा हात थांबला, खालानं एक श्वास सोडला, आणि मग ती जागा तिनं सगळ्यात हळू धुतली. शहरबानूची नजर खाली होती. काय होतं ते तिला कळलं नाही. मलाही माहीत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. विचारलंत तर ही गोष्टच फुकट जाईल.

कफन बांधून झालं. रुकय्या चादरीबाहेर आली. अंगण असं शांत झालं की खाडीच्या चिखलातले खेकडे ऐकू यावेत.

"काय दिसलं, खाला?" जैतूनचा आवाज आता कुजबुजता होता. "आता तरी सांग. तुझा हक्कच आहे."

"अंग स्वच्छ होतं," रुकय्या म्हणाली. "पाणी स्वच्छ गेलं."

जैतून मागे सरकली. कुणीच हसलं नाही. तेवढ्यात चादर बाजूला करून शहरबानू बाहेर आली, ओल्या बाह्यांनी, रिकामा बधना हातात. तिनं रुकय्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"खाला, दमलीस का?"

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. रुकय्या ओट्याच्या कडेला टेकली आणि पदर तोंडाशी धरून रडली. हवाबीसाठी, सफूरासाठी, धुतलेल्या सगळ्याजणींसाठी, स्वतःसाठी. आणि म्हणाली, "दमले गं. पण झालं."

शहरबानूनं तिला गुळाचं पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "मी आत्ता सगळ्यांना सांगते, अम्मीनं सफूराचं काय केलं ते."

"सफूराचं खरं सांग," रुकय्या म्हणाली. "अम्मीचं नाव घेऊ नकोस. तिला आत्ताच झाकलंय मी."

शहरबानू अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "सफूराबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं. मला पक्कं माहीत आहे." कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी गाव पहिल्यांदा न विचारता गप्प बसलं. पुढच्या पावसाळ्याआधी सफूरा माहेरी आली, कडेवर लेकरू घेऊन, आणि काठावर तिला उतरवून घ्यायला जैतूनच गुडघाभर चिखलात गेली होती.

रुकय्यानं हवाबीला माफ केलं की नाही? कुणाला माहीत नाही. पण हवाबीच्या आंघोळीचं पाणी अंगणाच्या कोपऱ्यात जिथं जिरलं, तिथं एक बोर उगवली. असं म्हणतात, की पहिली काही वर्षं तिला काटे यायचे. मग एका वर्षी यायचे थांबले.

ती बोर अजून आहे. गावात बाईमाणूस गेली की पानं त्याच झाडाची नेतात, आणि हात न खरचटता ओरबाडता येतात. चादरी लागल्या की बाहेरच्या बायका चादरीकडे पाठ करून बसतात. लहान पोरींनाही कुणी खांदा धरून फिरवतं. आत असते ती बाहेर आली, की तिला कुणी काय दिसलं म्हणून विचारत नाही. घरातली सगळ्यात जवळची असते ती गुळाचं पाणी पुढे करते आणि रुकय्याखालाच्या नावानं एकच प्रश्न विचारते.

"दमलीस का?"

आणि ती पेला घेते, ओट्याच्या कडेला टेकते, आणि म्हणते, "दमले गं. पण झालं."