महाराजांची शिंक

"राज्यातले सगळे दवाखाने आठ दिवसांत सुधारून दाखव. तिजोरीतला एक पैसा मिळणार नाही, एकाही माणसाची बदली होणार नाही. नाही जमलं, तर दवाखाने कायमचे बंद!"

राजा शूरपालांचा हा हुकूम दिवाणांना नव्हता. तो होता राणीसाहेबांना बांगड्या भरायला आलेल्या भिवरा कासारणीला. बांगड्या चढवता चढवता ती बोलून गेली होती, "सुनेचे दिवस भरलेत, आणि गावच्या दवाखान्यात पाटलांची म्हैस व्यालीय. वैद्यबुवा असतात दिवाणसाहेबांच्या घरी, तेल चोळायला. म्हशीचं मात्र सगळं नीट पार पडलं."

ते ऐकून महाराज भडकले. मी दरबारचा बातमीदार. दवाखान्यांची दैना मी दर महिन्याला खरमरीत भाषेत लिहून देतो. महाराज ते झोपताना वाचतात. झोप छान लागते म्हणतात. राज्याच्या आरोग्याला माझा हातभार एवढाच.

दिवाण हसले. "बाई, या कामावर आमची समिती वर्षानुवर्षं बसलीय."

"मग उठवा की तिला, पाय आखडले असतील," भिवरा म्हणाली आणि महाराजांकडे वळली. "मला फक्त एक दवंडी द्या. आजपासून महाराज आजारी पडले, तर राजवैद्य येणार नाही. त्या वेळी महाराज जिथं असतील, तिथल्या जवळच्या दवाखान्यात जातील आणि रांगेत बसतील."

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे!"

"मग दवंडीला भ्यायचं कशाला?"

दवंडी पिटली गेली. महाराज शिकारीचे शौकीन, आज या गावात तर उद्या त्या. कुठे शिंकतील, नेम नाही. दिवाणांची झोप उडाली. वैद्य आपापल्या गावी परतले. कौलं शाकारली गेली. पाटलांनी म्हैस स्वतः ओढून बाहेर काढली आणि जमीनही स्वतःच सारवली. एकदा महाराजांना नुसती उचकी लागली, तर चार गावांत काढे उकळायला लागले.

आठव्या दिवशी महाराज भिवराच्या गावी आले. दवाखाना लख्ख होता. आत खाटेवर तिची सून, कुशीत पहाटे जन्मलेली नात.

"जिंकलीस," महाराज म्हणाले. "आता दवंडी मागं घेऊ ना?"

"घ्या की. आपण कधीच आजारी पडणार नाही, असं महाराजांनी लिहून द्यावं. लगेच मागं घेऊ."

महाराज इतके हसले, की त्यांना ठसका लागला. थांबेना. सवयीनं राजवैद्य धावले. महाराजांनी हातानंच त्यांना अडवलं, बोटातली अंगठी काढून नातीच्या मुठीत दिली आणि खोकत खोकत विचारलं,

"भिवराबाई, रांगेत शेवटचं कोण आहे?"

"पाटील, महाराज. म्हशीनं लाथ मारलीय त्यांना."

महाराज पाटलांच्या मागे जाऊन बसले.